पी. पी. नंबर आणि डॉ. अनिता

१९९६ ते २००७ अशी अकरा वर्षं मी सातपुड्याच्या पायथ्याशी, एका तालुक्याच्या गावी एसटीडी-पीसीओचा बूथ चालवत होतो. सुरुवात केली तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता, पुढे नंदुरबार जिल्हा झाला आणि आम्ही त्यात गेलो. पिवळी पाटी, काचेची केबिन, फोन ठेवला की चिठ्ठी छापून देणारं यंत्र. बूथच्या फळीवर एक वही असायची. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी माणसांनी आपल्या नातेवाइकांना माझाच नंबर देऊन ठेवला होता. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर माझा नंबर आणि पुढे कंसात 'पी. पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. फोन आला की मी पोरगा पाठवायचो, माणूस पळत यायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा येणाऱ्या फोनची वाट बघत बाकावर बसायचा. त्या वहीत बायकांची नावं फार कमी होती. बाईचा फोन आला तरी निरोप 'अमक्याच्या घरी' असाच लिहिला जाई.

एका पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास शटर वाजलं. वरच्या पाड्यावरचा एक तरुण होता. बायकोला दुपारपासून कळा येत होत्या आणि आता रक्त थांबत नव्हतं. मी जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका जीपवाल्याला लावला, तो उठला आणि आला. बाई वाचली, मूल गेलं. यंत्रातून एकच चिठ्ठी निघाली, जीपवाल्याच्या फोनची. न उचललेल्या फोनचं बिल येत नाही.

बूथ बंद झाल्यावर मी दुसरा धंदा केला, पण ती रात्र डोक्यातून गेली नाही. गेली बारा-तेरा वर्षं 'मोबाईल आणि माता-बालआरोग्य' या विषयावर जे छापलं जातं ते मी मिळेल तिथून वाचतो आहे. माझ्याकडे पदवी आहे ती वाणिज्य शाखेची. संख्याशास्त्र मी चाळिशीनंतर, वापरलेली पुस्तकं घेऊन शिकलो. त्यामुळे या लेखातल्या निष्कर्षांना कुठल्याही विद्यापीठाचा आधार नाही. एक प्रश्न मात्र मी बूथवरून घेऊन आलो आहे आणि तो मला या साहित्यात फारसा भेटत नाही. फोन कोण लावतो आणि कोण उचलतो?

भारतातल्या अशा योजनांत सर्वांत मोठी 'किलकारी'. बीबीसी मीडिया अॅक्शन या संस्थेने ती बिहारमध्ये आकाराला आणली आणि जानेवारी २०१६पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राष्ट्रीय पातळीवर नेली. रचना सुटसुटीत आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित फोन येतो. एकूण ७२ संदेश. बोलणाऱ्या बाईचं नाव डॉ. अनिता. ही डॉक्टर काल्पनिक आहे. आवाज प्रेमळ, जाणत्या बाईचा, न रागावणारा. सरकारी दवाखान्यात बोलणी खाऊन आलेल्या बाईला असा आवाज ऐकायला मिळणं ही साधी गोष्ट नाही आणि ज्यांनी तो घडवला त्यांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही तो कळतो, पैसे पडत नाहीत, साधा बटणांचा फोन चालतो. २०२४मध्ये ही सेवा महाराष्ट्र आणि गुजरातमध्येही सुरू झाली, म्हणून आपण तिच्याकडे आता अधिक बारकाईने पाहायला हवं.

फोन कुणाला करायचा हे योजनेला कळतं ते सरकारी नोंदींवरून. २००९च्या अखेरीस माता-बालकांची नावनिशीवार नोंद ठेवणारी यंत्रणा देशभर सुरू झाली, पुढे तिचं आरसीएच पोर्टल झालं. उपकेंद्राच्या नर्सबाईने रजिस्टरमध्ये लिहिलेला मोबाईल नंबर तिथे चढतो आणि तिथून डॉ. अनितांकडे जातो. सगळी भव्य इमारत त्या एका रकान्यावर उभी आहे. मी चार-पाच उपकेंद्रांत ओळखीने ती रजिस्टरं पाहिली आहेत. रकान्यात नवऱ्याचा नंबर असतो, दिराचा असतो, किराणा दुकानदाराचा असतो. आधी चालू होता पण रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. कुठे नुसतेच दहा आकडे भरलेले असतात, कारण रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकू देत नाही. पी. पी. नंबर गेला असं आपण समजतो. त्या रकान्यात तो अजून नांदतो आहे, फक्त कंसातली दोन अक्षरं गाळली गेली आहेत. माझ्या वहीत निदान ती लिहिलेली असायची. त्यामुळे फोन करणाऱ्याला ठाऊक असायचं की बाई पलीकडे नाही, तिला बोलवायला पोरगा धाडावा लागणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बायकांना विचारलं होतं की तुमच्याकडे तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल आहे का. देशात ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. गोव्यात हे प्रमाण ९१ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ५५, मध्य प्रदेशात ३८.५. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामधली ही दरी पाहून मी थोडा वेळ थांबलो होतो. आपण स्वतःला मध्य प्रदेशाच्या तुलनेत पुढारलेले समजतो आणि आपल्याकडेही जवळपास निम्म्या बायकांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा फोन नव्हता. त्यातही सरासरी ही शहराकडे झुकलेली असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

'किलकारी'ची खरी कसोटी मध्य प्रदेशातच लागली. तिथल्या चार जिल्ह्यांत ५,०९५ गरोदर बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाला फोन गेले, दुसऱ्याला गेले नाहीत. मूल वर्षाचं झाल्यावर दोन्ही गटांची तुलना केली. निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तात्पुरती गर्भनिरोधक साधनं वापरण्याचं प्रमाण मात्र फोन गेलेल्या गटात काहीसं वाढलेलं आढळलं. संशोधकांनी हे सगळं प्रामाणिकपणे मांडलं आहे. एवढी काटेकोर चाचणी सरकारी योजनेवर होणं आणि तिचा अर्धा नकारार्थी निष्कर्ष छापला जाणं, हे आपल्याकडे दुर्मीळच.

माझी तक्रार या निष्कर्षाच्या वाचनाबद्दल आहे. योजनेचे समर्थक गर्भनिरोधकांचा आकडा उचलतात, विरोधक दुधाचा. दोन्ही आकडे एकत्र ठेवून विचार कुणी फारसा करत नाही. मला असं वाटतं की दोन्हींचं कारण एकच असावं आणि ते कारण म्हणजे फोन कुणाच्या हातात आहे. घरातला फोन बहुधा नवऱ्याकडे. डॉ. अनितांचं बोलणं स्पीकरवर लागलं तर नवराही ऐकणार. पाळणा लांबवणं हा नवरा-बायकोनं मिळून, आणि पुष्कळदा नवऱ्यानेच, ठरवायचा विषय. तो आवाज त्याच्या कानावर पडला असेल तर फरक पडणं समजू शकतं. बाळाला मध, पाणी, गाईचं दूध द्यायचं की नाही हे ठरवते सासू, आणि ते ठरतं चुलीपाशी, जिथे फोन पोचत नाही. शिवाय दूध पाजण्यात अडसर माहितीचा असतोच असं नाही. शेतमजुरीला गेलेली बाई सकाळी सातला पाळण्यातलं मूल सोडून जाते आणि संध्याकाळी परत येते. सहा महिने अंगावर पाजा हे तिला कितीही गोड आवाजात सांगितलं तरी मुकादम तिला दोन तासांनी घरी सोडणार नाही. हे माझं अनुमान आहे, चाचणीत ते सिद्ध झालेलं नाही. पण अशा दिशेने प्रश्न विचारायचे तर त्या ५,०९५ बायकांच्या घरात फोन कुठे ठेवलेला असतो इथून सुरुवात करावी लागेल. मध्य भारतातल्या खेड्यांत बायकांच्या फोनवापराचा जो अभ्यास पुढे झाला त्यात हेच दिसतं. बाईला फोन मिळतो तो परवानगीने, आणि तिच्या बोलण्यावर घराचे डोळे असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चाचणीत निवडलेल्या बायका फोन मिळू शकणाऱ्या घरांतल्या होत्या, नाही तर फोनची चाचणी करणारच कशी? म्हणजे ज्या बायकांची बाळंतपणं सर्वांत धोक्याची, त्या या हिशेबातून आधीच बाहेर राहिल्या.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंची मांडणी तीन विलंबांत केली. दवाखान्यात जायचं हे ठरवायला लागणारा उशीर, तिथे पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. या विषयावरचं मी वाचलेलं हे सर्वांत उपयोगी लिखाण. त्या पावसाळ्यातल्या रात्रीला मी ते लावून पाहिलं. दुपारपासून रात्री दोनपर्यंत घरात काय चाललं होतं, हा पहिला उशीर. पाड्यावरून बूथपर्यंतची पायवाट आणि मग जीप, हा दुसरा. कुणी न उचललेला फोन, हा तिसरा. डॉ. अनितांचे ७२ संदेश पहिल्या उशिरावर बोलतात. दुसऱ्याबद्दल त्या गाडीची सोय आधी करून ठेवा असं सुचवू शकतात. तिसऱ्याबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कारण तो बाईच्या हातातला नाही आणि संदेश फक्त बाईशी बोलतो. माहिती बाईला द्यायची, वागणं बाईनं बदलायचं, म्हणजे न बदलल्यास दोषही तिचाच. सरकारी दवाखान्याचा फोन वाजतो तेव्हा तो कितव्या घंटेला उचलला जातो, याची यादृच्छिक चाचणी मी तरी अजून वाचलेली नाही.

मुंबईच्या 'एममित्र' या योजनेबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण ती याच वाटेवरून चालताना काही गोष्टी शहाणपणाने करते. डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेल्या 'अरमान' संस्थेची ही योजना. आज 'किलकारी'च्या कामातही हीच संस्था सरकारसोबत आहे. एममित्रमध्ये बाईची नोंद पोर्टलवरून उचलत नाहीत. दवाखान्यात किंवा वस्तीत माणूस तिच्याशी बोलून नोंद करतो. फोन कोणत्या वेळी यावा हे तिला विचारतात. चुकला तर तिने मिस्ड कॉल द्यायचा, संदेश पुन्हा येतो. मिस्ड कॉल ही गरिबाने स्वतः शोधलेली भाषा. पोचलो, निघालो, फोन कर, एवढं सगळं एका फुकट घंटेत सांगणारी. ती योजनेत घेतली गेली याचा मला आनंद वाटतो. बूथवर बसून मी ही भाषा वाढताना पाहिली आहे आणि तिने माझा धंदाही थोडा बुडवला.

पण याच संस्थेने गूगलच्या संशोधकांबरोबर केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाबद्दल मला शंका आहेत. अडचण खरी होती. नोंदलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी काही आठवड्यांनी ऐकणं सोडतात. प्रत्येकीला माणसाने फोन करून विचारावं इतकी माणसं नाहीत. तेव्हा कोण सोडणार आहे याचा अंदाज यंत्राने बांधायचा आणि मोजक्या कार्यकर्त्यांनी त्यांनाच फोन करायचा. सुमारे २३,००० बायकांवर हे करून पाहिलं आणि ऐकणं सोडण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालं, असं २०२२मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध सांगतो. गणित म्हणून काम सुंदर आहे, मी ते समजून घेण्यात दोन महिने घालवले. फक्त त्यात 'ऐकलं' याची व्याख्या अशी की आठवड्यात निदान एक फोन ३० सेकंदांहून जास्त चालू राहिला. फोन ३० सेकंद कुणाच्या कानाशी होता हे यंत्राला दिसत नाही. पोर तो धरून बसलं असेल, चुलीवरून उठून येईपर्यंत बाईने तो तसाच ठेवला असेल. बाळाचं वजन, रक्तातलं लोह, टोचलेली लस या मोजायच्या खऱ्या गोष्टी. त्या मोजायला कठीण आणि महाग, म्हणून सेकंद मोजायचे. मग हळूहळू सेकंद वाढवणं हेच काम होऊन बसतं. माझी ही टीका त्या एका प्रयोगापुरती नाही, सगळ्या क्षेत्राला ती लागू आहे. आणि त्या प्रयोगातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की ध्वनिमुद्रित आवाजापासून तुटू लागलेली बाई पुन्हा जोडली गेली ती एका जिवंत माणसाच्या फोनने.

इथे झांझिबारचं उदाहरण आठवतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या या बेटांवर २४ आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१२मध्ये आले. २,५५० गरोदर बायका होत्या. अर्ध्या केंद्रांतल्या बायकांना लघुसंदेश पाठवले, आणि शिवाय फोन करण्यासाठी बोलण्याचे पैसे दिले. अडलं तर बाईनेच आरोग्यसेविकेला फोन लावायचा. प्रयोगातल्या गटात प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून झालेली बाळंतपणं ६० टक्के, दुसऱ्या गटात ४७. फरक मोठा आहे. मात्र तपशिलात गेलं की कळतं, हा फरक शहरी बायकांत दिसला, ग्रामीण बायकांत नाही. मला या अर्धवट यशातूनच जास्त शिकायला मिळालं. बाईला फोन लावता आला आणि पलीकडे दवाखाना जवळ होता, तिथे काम झालं. फोन लावता आला पण रस्ता लांबचा होता, तिथे झालं नाही. आपल्याकडच्या प्रचारपत्रकांत झांझिबार आलं तर ६० आणि ४७ हे आकडे येतात, शहर-खेड्याचं वाक्य गळतं.

आता उलट दिशेचा फोन. मी आतापर्यंत बाईच्या कानाशी लागलेल्या फोनबद्दल लिहिलं. दुसरा फोन आशाताई आणि अंगणवाडीताईच्या हातात दिला गेला आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतो, त्यात जागा नाही, पोषण ट्रॅकर हे नवं अॅप त्यावर चालत नाही, आणि ते इंग्रजीत आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. वर्तमानपत्रांनी ही बातमी मानधनाच्या मागणीशेजारी छापली आणि सोडून दिली. माझ्या मते मातृ-बालआरोग्यातल्या मोबाईलवर आपल्याकडे झालेली ती सर्वांत गंभीर समीक्षा होती आणि ती ज्यांच्या हातात यंत्र होतं त्यांनी केली. कुपोषित मुलाचं वजन घ्यायला दहा मिनिटं आणि ते चढवायला पाऊण तास, असं एक सेविका मला म्हणाली होती. रेंजसाठी ती टेकडीवर जायची.

त्यानंतर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. १ जुलै २०२५पासून गरोदर बाईला आणि लहान मुलाच्या आईला घरी न्यायचा आहार देताना तिचा चेहरा फोनवर जुळवून घेणं बंधनकारक झालं. त्याआधी आधार क्रमांकाची ओळख पटवायची, त्यासाठीचा आकडा आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणार. तो मोबाईल नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला गुजरातेत. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर तिकडे जातात, सिमकार्डही जातं. मग अंगणवाडीताई नवऱ्याला फोन लावते, तो फडात असतो. चोरी थांबवायची म्हणून ही व्यवस्था आली, आणि आहारात चोरी होत होती हे मी नाकारत नाही. पण ओळख पटवायची ती सेविका त्या बाईला लग्न होऊन आल्यापासून ओळखते. गळती वरच्या पुरवठ्यात असो की खाली, चेहरा मात्र पोटुशी बाईनेच दाखवायचा.

या सगळ्यावर एक आक्षेप मला मित्र नेहमी घेतात. देशातला मातामृत्यूचा दर २०१४-१६ला लाखामागे १३० होता, तो २०१८-२०ला ९७वर आला, महाराष्ट्रात ३३वर. मग तुला अडचण काय? घट झाली हे खरंच. ती दवाखान्यातल्या बाळंतपणांनी, मोफत गाडीने, आशांच्या पायपिटीने झाली. यात ध्वनिमुद्रित फोनचा वाटा वेगळा काढून दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. तो फोन घरातून बाहेर लागतो, आणि पलीकडे माणूस असतो. आरोग्यातल्या मोबाईलवरच्या निबंधांत १०८ची गणना सहसा होत नाही, कारण तिच्यात नवं असं काही नाही.

अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाचे निष्कर्ष १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आले. ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून शिकवल्या. त्या घरी जाऊन बाळ तोलत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. त्या गावांत तेव्हा मोबाईल नव्हते. पुढे २०११पासून घरभेटीची ही पद्धत देशातल्या आशांच्या कामात आली. बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी, त्याचे २५० रुपये. 

गेल्या मार्गशीर्षात मी डोंगरावरच्या एका आशाताईच्या घरी बसलो होतो. तिच्या पाड्यांतल्या ज्या बायकांकडे फोन नव्हता त्यांच्या नावापुढे रजिस्टरमध्ये तिने स्वतःचाच नंबर लिहून दिला होता. रकाना रिकामा चालत नव्हता. फोन वाजला, तिने स्पीकरवर लावला. डॉ. अनिता प्रमाण मराठीत बोलत होत्या, आशाताई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिच्या घरात पावरी बोलतात. संदेश संपेपर्यंत तिने फोन तसाच ठेवला. मी विचारलं, हा कुणासाठी होता? तिने पीठ लागलेल्या बोटांनी वही उघडली, पाच नावं दाखवली आणि म्हणाली, "भाऊ, यातल्या कुणाचा तरी असेल. सांजेला वर जाईन ना, तेव्हा सगळ्यांनाच सांगून येते." मग तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला जीपवाल्याचा नंबर मला वाचून दाखवायला सांगितला. शेवटचा आकडा पुसट झाला होता, तो तीन आहे की आठ हे तिला पक्कं करून हवं होतं.